औंध (सातारा) संस्थानाची राजधानी होतं म्हणतात, जाण्यासारखं आहे का?

प्रश्न (दख्खनचा_भटक्या):
मंडळी, पुढच्या महिन्यात साताऱ्याला लग्नाला जायचंय, एक दिवस मोकळा आहे. औंधला जाऊन यावं म्हणतोय पण नेटवर औंध टाकलं की पुण्यातलंच येतं सगळं. खटाव तालुक्यातलं एवढंसं गाव राजधानी कसं होतं आणि आता तिथे बघायला काय उरलंय? बरोबर आई आहे, तिला यमाईचं दर्शन पण घ्यायचंय.

खटावकर:
नक्की जा. रहिमतपूरवरून रस्ता आहे. डोंगरावर मूळपीठ यमाई, आणि त्याच डोंगराच्या चढावर भवानी संग्रहालय, राजेसाहेबांनी म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडलेलं. रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, हस्तिदंती काम आहे, आणि हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं दगडातलं आई आणि मूल! लोक रविवर्मा बघतात आणि त्याच्यासमोरून सरळ निघून जातात, तुम्ही तसं करू नका, थांबून बघा. स्वतः राजेसाहेब चित्रकार होते, रामायणावर चित्रमालिका काढलीये त्यांनी. आईंना चढ झेपेल असं बघून सकाळीच जा, उन्हाळा असेल तर दुपारी डोंगर तापतो.

माणदेशी_माणूस:
संग्रहालय बघाच पण औंधचं खरं मोठेपण वेगळंय आणि ते कोणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं. १९३९ च्या जानेवारीत या राजाने आपणहून सत्ता सोडली हो. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनिअर आणि राजपुत्र अप्पासाहेब मेहनत घेत होते. गावोगावी लोकांनी निवडलेली पंचायत, त्यांचे अध्यक्ष मिळून तालुका समिती आणि तिथून पुढे विधिमंडळ. संस्थान केवढं तर ७२ गावं, ती पण सलग नाहीत, औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे. बाकीचे राजे प्रजा परिषदेच्या, म्हणजे संस्थानात लोकांचे हक्क मागणाऱ्या लोकांना तुरुंगात टाकत होते त्या काळात हे चाललं होतं!!

तुरुंगावरून आठवलं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून खुली वसाहत आहे ती पण औंध संस्थानातच सुरू झाली, कैदी कुटुंबासकट राहून शेती करतात, भिंत नाही काही नाही. 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. गदिमा औंधच्या शाळेत शिकलेले, ती कथा त्यांचीच.

कृष्णाकाठ:
कुंडलचं नाव आलं म्हणून लिहितो, मी त्याच भागातला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा राजेसाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला, तीच किर्लोस्करवाडी. निवडुंग आणि साप असलेल्या त्या ओसाड माळावर नांगराचे फाळ तयार व्हायला लागले. आणि ४२ नंतर प्रतिसरकारचे भूमिगत औंधच्या हद्दीत आसरा घ्यायचे, कारण ब्रिटिश पोलिसांना संस्थानाच्या हद्दीत हात टाकणं सोपं नव्हतं. सातवळेकर पंडितांचं वेदांचं कामही औंधलाच वाढलं, ते १९४८ ला गुजरातेत पारडीला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थान विलीन झालं आणि तालुक्याचा कारभार वडूजला, जिल्ह्याचा साताऱ्याला. औंध मागे पडलं ते तेव्हापासून असं आमचे आजोबा म्हणायचे, मला पण तेच पटतं.

दख्खनचा_भटक्या:
बापरे, एवढं माहीतच नव्हतं. रोज सूर्यनमस्कार घालायला लावणारा राजा एवढंच शाळेत ऐकलेलं. आता एक दिवस पुरेल का? स्वतंत्रपूर त्याच दिवशी होईल?

माणदेशी_माणूस:
एका दिवसात कशाला घाई, आईंना घेऊन औंधच करा, संग्रहालयात दोन तास सहज जातात. स्वतंत्रपूरला आजही कैदी राहतात, तिथे असंच फिरायला जाता येत नाही, परवानगी लागते. पौष महिन्यात यमाईची यात्रा असते, तेव्हा गर्दी फार, गाडी गावाबाहेरच लावावी लागते. आणि गाण्याची आवड असेल तर शिवानंदस्वामींच्या उत्सवाची तारीख बघून या, अंतूबुवा जोशींनी १९४० साली सुरू केला, आजही मोठमोठे गवई औंधला येऊन गातात.