ढोलपथकात दारूविरोधाची जबाबदारी मुलांवरच द्यावी का?

पथकातली ताई
गणेशोत्सवापूर्वी पुण्यात नदीकाठी पथकांचा सराव रंगतो, तेव्हा त्यात नववी-दहावीतील मुलेही असतात. सराव सुटल्यानंतरच्या तासाभरावर मात्र कोणाचेच लक्ष नसते आणि पहिली बिअर अनेकदा त्याच वेळी, ‘एकदा घेऊन तर बघ’ या आग्रहाने हातात येते. शाळेतील व्याख्यान तिथवर पोचत नाही; ढोलाचे पान ताणायला ज्याने शिकवले, त्याचा शब्द पोचतो. म्हणून प्रत्येक पथकाने सतरा-अठरा वर्षांच्या चार-पाच वादकांना धाकट्यांना दारूपासून दूर ठेवण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे मला वाटते. बरोबरीची मुले किती पितात याचा अंदाज या वयात वास्तवापेक्षा जास्त बांधला जातो, आणि ‘सगळेच पितात’ हा समज बरोबरीचाच कोणी मोडू शकतो.

एक पालक
ताई, आपली तळमळ मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट असताना अल्पवयीनांना बाटली विकली जाते, हे मोठ्यांचे अपयश आहे. त्याचा भार सतरा वर्षांच्या मुलाने का वाहावा? आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या 42 टक्के मुलांनी मागील महिन्यात दारूची नशा केल्याचे सांगितले होते. 2016 पर्यंत ते प्रमाण 5 टक्क्यांवर आले. तिथे प्रशिक्षित मार्गदर्शकांचे क्रीडावर्ग वाढवले गेले, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा पाळली गेली आणि पालक गटागटाने वस्तीत फिरू लागले. पुढाकार मोठ्यांनी घेतला होता.

मानसशास्त्राची शिक्षिका
मला यापेक्षाही गंभीर शंका आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की वाट चुकण्याचा धोका असलेल्या किशोरांना सुधारणेसाठी एकत्र बसवले, तर काही वेळा त्यांचे धूम्रपान आणि गैरवर्तन उलट वाढते, कारण धाडसाच्या गोष्टींना गटात हसून दाद मिळते. पथकात ज्याचा शब्द चालतो तोच कधी कधी सर्वांत आधी प्यायलेला असतो. त्याची निवड कोण करणार?

पथकातली ताई
शिक्षिकाबाई, हा आक्षेप मला पटतो. निवड मुलांच्या गुप्त मतदानाने व्हावी आणि प्रत्येक बैठकीला एक जाणता प्रौढ असावा, एवढी दुरुस्ती मी करते. परंतु पालकांना विचारते, सराव संपतो त्या वेळी नदीकाठी आपल्यापैकी किती जण येऊन उभे राहतात?

माजी वादक
सोळाव्या वर्षी मी प्यायलो, तेव्हा पथकातील मोठे आसपासच होते आणि त्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. मला ओकारी होत असताना माझ्याच वयाचा एक मित्र रात्रभर शेजारी बसून राहिला, कारण कोणाला बोलवावे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला निदान तेवढे तरी कोणी शिकवायला हवे होते; आणि ज्याला त्याने फोन करावा, असा एक मोठा माणूसही हवा होता.

एक पालक
येत्या शनिवारपासून सराव सुटताना मी येऊन थांबेन. मुलांच्या प्रशिक्षणाला माझा विरोध मात्र अजून कायम आहे.