मदत हवी आहे: येझदी रोडकिंगचा पांढरा धूर थांबत नाही

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल मी घरीच पूर्ववत करीत आहे. नवा पिस्टन आणि रिंगा बसवूनही दोन्ही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, प्लग तेलाने ओला निघतो आणि बाहेर थेंबभरही गळती नसताना गिअरबॉक्समधील तेल कमी होते. त्यामुळे क्लचच्या बाजूचे क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, झिजून तेल क्रँककेसमध्ये (क्रँक ज्यात फिरतो त्या बंद कप्प्यात) ओढले जात असावे, असे मला वाटते. हे सील क्रँककेस न उघडता बदलता येते का? गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते, ही रचना मला फार प्रिय आहे. म्हणून इंजिन मूळचेच ठेवून केवळ वायरिंग ६ ऐवजी १२ व्होल्टची करायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.