बोरलोटी घेवडा नाशिकमध्ये कधी पेरायचा, शेंगा कधी तोडायच्या?

परसबाग_गंगापूररोड
इटालियन बोरलोटीच्या बियांचं पाकीट आहे, त्यावर 'नानो' लिहिलंय. वाफा दहा बाय चार फूट, माती काळी. फेब्रुवारीत पेरलेली झाडं तरारून आली, फुललीही, पण मार्चअखेर फुलं पार गळाली. खत कमी पडलं का? आता पेरणी कधी करू? थोडे दाणे ओले खायचेत, बाकीचे वाळवायचेत.

काळी_माती
खताचा संबंध नाही, उन्हाचा आहे. पारा ३०-३२ अंशांच्या वर राहिला की घेवड्याचे परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. आपल्याकडे मार्चअखेर ३५ च्या पुढे असतो. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठा, म्हणजे फुलोरा नोव्हेंबरच्या मध्यावर येतो. नोव्हेंबरअखेरपर्यंत लांबवलंत तर तो जानेवारीच्या कडाक्यात सापडेल, आणि रात्री १० अंशांखाली उतरल्या की शेंग नीट धरत नाही. निफाडच्या बाजूला हा धोका जास्त.

नानो म्हणजे झुडपी, दीड-दोन फुटांची. मांडव नको. 'राम्पिकान्ते' म्हणजे वेलीचं असतं तर सहा फुटी बांबू लागले असते.

सहा-आठ इंच उंच गादीवाफा कराच, काळ्या मातीत पाणी साचलं की मूळकूज ठरलेली. ओळींत दीड फूट, दोन बियांत पाच-सहा इंच, खोली दीड इंच. बी रात्रभर भिजवू नका, साल तडकते आणि ओल्या मातीत बी कुजतं. वाफा आदल्या दिवशी भिजवा, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, पेरा आणि कोंब वर येईपर्यंत शक्यतो पाणी देऊ नका. कुजलेलं शेणखत पुरे. युरियाचा हात सैल सोडलात तर नुसता पाला माजेल.

निंबोळी_अर्क
पहिले तीन आठवडे खोडमाशीचे. रोप पिवळं पडून मलूल झालं आणि जमिनीलगत खोड फुगून चिरलं की समजा तीच. खोड उभं चिरलंत तर आत अळी किंवा तपकिरी कोष दिसेल. दोन पानांवर असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा आणि खोडाला मातीची भर द्या. भरीत नवी मुळं फुटतात, थोडं लागलेलं रोप त्यावर तगतं. मावा मात्र मोझॅक हा विषाणूचा रोग पसरवतो. पानं आकसून हिरवी-पिवळी चट्टेदार झाली तर झाड उपटा, औषध नाही. पाणी ड्रिपने, पानांवर नको, नाहीतर तांबेरा येतो.

परसबाग_गंगापूररोड
आणि तोडणी? शेंगेवर गुलाबी रेघा आल्या की तोडायची ना?

शेंगा_आणि_दाणे
नुसत्या रंगावर जाऊ नका, रेघा दाणा भरायच्या आधीच येतात. शेंग चामड्यासारखी मऊ पडली आणि दाण्यांचे उंचवटे बाहेरून हाताला लागले की एक सोलून बघा. दाणा टपोरा, मलईच्या रंगाचा, त्यावर किरमिजी शिंतोडे, असा असेल तर ओल्या दाण्यांसाठी तोडा. साधारण सत्तराव्या दिवसाच्या आसपास.

वाळवायच्या झाडांचं पाणी शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की बंद. नव्वद-शंभर दिवसांत शेंग कागदासारखी होते, हलवली की खुळखुळते. अवकाळीचं आभाळ आलं तर थांबू नका, झाडं उपटून पडवीत उलटी टांगा. शेंगा भिजल्या तर दाणे आतच डागाळतात किंवा मोड काढतात. मग गोणीत घालून बडवा, पाखडा. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. दाताचा वळ उमटला तर अजून ओल आहे. पुरता वाळला की हवाबंद डब्यात आठवडाभर डीप फ्रीझरला, म्हणजे भुंगेऱ्याची अंडीसुद्धा मरतात. पेरायचं बीही असंच ठेवता येतं, फक्त ओलसर राहिलेलं गोठवलंत तर उगवणार नाही.

शिजवताना ठिपके जातात, दाणा तपकिरी होतो, त्यात बिघडलं काही नाही. पण कच्चा किंवा अर्धा शिजलेला खाऊ नका, राजम्यासारखंच त्यात पोट बिघडवणारं लेक्टिन असतं. वाळलेला आठ तास भिजवा, ते पाणी फेका, मग कुकरला लावा. मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचा असेल तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळी हवीच.

काळी_माती
पाकीट संपलं आणि इटालियन बी मिळालं नाही तर साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा बघा. जात वेगळी, पण तोही ठिपकेदार, आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही लावणार असाल तर बियाण्यासाठी वाफे थोडे लांब ठेवा. घेवडा बहुतेक स्वपरागच, तरी मधमाश्या कधीमधी भेसळ करतात.