पणजोबांची वर्दी ड्रायक्लीनला देऊ नका

वर दादांनी लिहिलंय की पणजोबा पंजाबातून येऊन निजामाच्या फौजेत लागले, मग नांदेडलाच राहिले, अन् त्यांची पहिल्या महायुद्धातली वर्दी ट्रंकेत आहे, लग्नाआधी ड्रायक्लीन करून काचेत लावायचीय. दादा, मी हात जोडतो, ड्रायक्लीन नको, शंभर वर्षांचं कापड आहे ते, शिवणीतला दोरा सुटला की संपलं.

आधी रेजिमेंट बघा. निजामाचे स्वतःचे घोडदळ, हैदराबाद लान्सर्स, इजिप्त-पॅलेस्टाईनकडं गेले होते. पण हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी फौज, १९०३ लाच इंग्रजांच्या फौजेत मिसळली, त्यातलंच डेक्कन हॉर्स हे घोडदळ फ्रान्सला गेलं, १४ जुलै १९१६ ला तिथल्या सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानाजवळ घोड्यांवरून हल्ला केला त्यांनी. घरोघरी सगळ्यालाच 'निजामाची फौज' म्हणतात म्हणून हा घोळ होतो. कोट जाड लोकरीचा असंल तर फ्रान्सची शक्यता जरा जास्त, पण नुसत्या कापडावरून ठरवू नका, खांद्यावरची पितळी अक्षरं अन् बटणं बघा.

बटणं घासू मात्र नका. आमच्या शेजारी एकांनी पॉलिश लावून चकाचक केली तर भोवतीच्या कापडावर हिरवट डाग बसला, तो काही गेला नाही. वर्दी प्लास्टिकच्या पिशवीत असंल तर बाहेर काढा, धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात आडवी ठेवा, घडीत कापडाची गुंडाळी घाला म्हणजे मोड पडत नाही. डांबरगोळ्या कापडाला चिकटून नकोत. पावसाळा संपला की सावलीत उघडून कसर बघायची, उन्हात तर बिलकुल नाही, आपल्याकडचं ऊन माहितीच आहे.

अन् काचेचं नंतर बघू, आधी खांद्याचा फोटो टाका की इथं.