मदत हवी आहे: बंधित निधी शिल्लक, पण पथदिव्यांना पैसे नाहीत

नवा सदस्य:
ग्रामपंचायतीच्या खात्यात १५व्या वित्त आयोगाचे (२०२१-२६) सहा लाख पडून आहेत. ग्रामसभेने वस्तीवर पथदिवे बसवायचा ठराव एकमताने केला. ग्रामसेवक म्हणतात, निधी बंधित आहे, म्हणजे ठरलेल्या कामांपुरताच, दिवे बसणार नाहीत. ठराव खुद्द ग्रामसभेचा असताना असं कसं? मार्ग काय?

पाणंद:
ग्रामसेवकांचं बरोबर आहे. या अनुदानातले ६०% बंधित, ४०% अबंधित. बंधितातले निम्मे पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, निम्मे स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. म्हणजे दहा लाख आले तर तीन पाण्याला, तीन स्वच्छतेला, चार मोकळे. दिवे, अंतर्गत रस्ते या चारांतून. पगार आणि आस्थापना खर्च मात्र त्यांतूनही नाही.

ग्रामसभेच्या ठरावाने ही वाटणी बदलत नाही. सवलत एकच: पाण्याची गरज पूर्ण भागली असं ग्रामसभेने प्रमाणित केलं आणि वरून दुजोरा मिळाला, तर ते पैसे स्वच्छतेकडे वळतात, किंवा उलट. दिव्यांकडे नाहीत.

लेखाजोखा:
आधी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर तुमच्या गावाचा विकास आराखडा उघडा आणि अबंधित किती उरलेत ते पाहा. दिवे आराखड्यात नसतील तर पूरक आराखड्यात घ्या. त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते; गणपूर्ती १५% मतदार किंवा १००, यांपैकी जे कमी ते. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, त्यानंतरच देयक. देयकावर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. सरपंच बदलले आणि नवी स्वाक्षरी नोंदवली नाही, की झालेल्या कामाचे पैसे इथेच अडकतात. हे आजच तपासा.

अबंधित संपलेत? तरी वाट आहे. नळयोजनेची देखभाल-दुरुस्ती ग्रामनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या पैशातून, होत असेल तर ती बंधित निधीवर घ्या. तेवढा ग्रामनिधी दिव्यांसाठी सुटतो. सहा लाखांतून सांडपाण्याचं गटार, शोषखड्डे, विहीर पुनर्भरण हेही होईल. ते नुसते पडून राहणं सगळ्यांत वाईट.

नवा सदस्य:
आभारी आहे. पण राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींचे आहेत ना? ग्रामीण विद्युतीकरणही त्यात आहे.

पाणंद:
आहे, पण कलम २४३-जी नीट वाचा. अधिकार राज्याचं विधिमंडळ कायद्याने 'देऊ शकेल' असं आहे, आपोआप मिळत नाहीत. विषय आला म्हणून पैसा आणि माणसं आली असं होत नाही, आणि आपल्याकडच्या पंचायती खऱ्या अडतात त्या इथेच. मोकळेपणाने खर्चता येतो तो स्वतःच्या वसुलीचा पैसा. त्यामुळे नमुना ९ (कर मागणी नोंदवही) वरची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली मासिक सभेत मागून घ्या. घरपट्टीची थकबाकी किती ते कळेल.

लेखाजोखा:
आणि वस्ती मागासवर्गीयांची असेल तर स्वउत्पन्नातले १५% त्यांच्यासाठी राखून ठेवावेच लागतात. पथदिवे त्यातून घेता येतात. राखीव रकमेतलं किती खर्चलं, तेही त्याच सभेत विचारा.