घरच्या गॅरेजमध्ये मिआटा ट्रॅकसाठी तयार करायची आहे : आधी काय, नंतर काय?

फ्रीमाँटवासी (मूळ प्रश्न)

गाडी: माझदा मिआटा (एमएक्स-५), १९९९ चं मॉडेल, १.८ लिटर, पाच गिअर, कापडी टप. १ लाख १२ हजार मैल. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक सगळं कंपनीचंच.

ऑगस्टमध्ये थंडरहिलला (विलोजजवळचा रेस ट्रॅक) पहिला ट्रॅक डे आहे, २० मिनिटांची चार सेशन्स. गाडी रस्त्यावरही चालवायची आहे, म्हणजे कॅलिफोर्नियाचं स्मॉग (धुराची सरकारी तपासणी) पास व्हायला हवं. घरी दोन टनी ट्रॉली जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच आणि पान्यांचा पूर्ण सेट आहे. वेल्डिंग जमत नाही.

१. टर्बो किट आत्ताच घ्यावं का?
२. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) आधी की ब्रेक आधी?
३. कंपनीच्या सीटवर चार पॉइंटचा हार्नेस (रेसिंगचा पट्टा) चालेल का? ऑनलाइन स्वस्तात दिसतोय.
४. यातलं घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये?

---

तापमापक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कॅलिफोर्नियात १९९९ च्या गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते आणि त्यात बॉनेटखाली डोळ्यांनीही बघतात. एअर रिसोर्सेस बोर्डाचा सूट क्रमांक नसलेलं किट तिथेच नापास. शिवाय या गाडीचं कूलिंग मूळ ताकदीलाच ऑगस्टच्या उन्हात जेमतेम पुरतं. विलोजला तेव्हा पारा कधी कधी ४० पर्यंतही जातो. टर्बो लावलात तर तिसऱ्या लॅपपासून रस्त्याऐवजी काट्याकडे बघत बसाल.

आणि तो काटाही खोटारडा आहे. एनबी (तुमची, म्हणजे दुसऱ्या पिढीची) मिआटाचा पाण्याचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमध चिकटून राहतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइल प्रेशरचा काटाही तसाच, आत नुसता चालू-बंद स्विच आहे. ९९ ला ओबीडी-२ पोर्ट (गाडीच्या संगणकाशी जोडायची जागा) आहे. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ रीडर लावा आणि फोनवर खरं तापमान बघा. १०५ अंश सेल्सिअस दिसलं की गिअर एक वर टाकून एक लॅप सावकाश मारा. ११० ला सरळ पिटमध्ये या, पण लगेच इंजिन बंद करू नका.

आता रेडिएटर बघा. वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी-हिरवट झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय आणि ते ट्रॅकवरच फुटणार. अॅल्युमिनियमचा रेडिएटर घरी दोन तासांत बसतो. सोबत वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट आणि झाकण नवीनच टाका. एकूण ६ लिटर लागतं. तुमच्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर ठेवा, कारण ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. भरताना गाडीचं नाक जॅकवर उंच, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. हवा अडकली तर चौथ्या सिलिंडरला ताप होतो. हे इंजिन मुळात आडवं बसवण्यासाठी बनलेलं, पाणी मागच्या बाजूने बाहेर पडायचं. मिआटात ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला, म्हणून मागच्या सिलिंडरला पाण्याचा ओघ कमी. यावर कूलंट रीरूटचं किट मिळतं, पण मूळ ताकदीच्या गाडीला पहिल्या वर्षी ते नको.

फुकटातली गोष्ट बरेच जण विसरतात: इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा जागेवर आहे ना ते बघा, आणि रेडिएटर व बंपरमधल्या हवेच्या तोंडामधल्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. हवेला वळसा घालून जायला वाट मिळाली की ती रेडिएटरमधून जात नाही.

एक तपासणी खर्चाआधी करा. १९९९-२००० च्या काही इंजिनांत क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग झिजतं. इंजिन बंद असताना एकाने क्लच दाबून सोडायचा आणि दुसऱ्याने क्रँकची पुली बघायची. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे-मागे सरकली, तर बाकी सगळं सोडा, आधी इंजिन.

---

रिंगपाना

ब्रेक आधी. कॉइलओव्हर पुढच्या वर्षी.

आधी दोन बिघाडांतला फरक ओळखा. पॅडल दगडासारखं कडक पण गाडी थांबत नाही: पॅड तापून सरकतोय. पॅडल मऊ होऊन तळाला जातंय: ब्रेक ऑइल उकळलंय. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो आधी फारसा इशारा देत नाही. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश आहे. जुन्या गाडीत नेहमी ओलावाच असतो. मोतुल आरबीएफ ६०० कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत पूर्ण सिस्टिम धुऊन निघते. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते चुकूनही मिसळू नका. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: तुमच्या डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. कॅलिपरवरच्या निपलला (हवा काढायचा छोटा स्क्रू) रिंग पाना आधी लावा, मग पारदर्शक नळी, नळीचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं. निपल बंद झाल्यावरच पायाने पॅडल सोडायचं. जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी गेलेलं नाही तिथे गंज असतो, सील त्यावर घासलं की फाटतं.

मागचे पॅड घालताना सगळे अडकतात ते इथे: मागचा पिस्टन सी-क्लँपने दाबायचा नाही, आत हँडब्रेकची यंत्रणा असते. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिमीचा एक बोल्ट दिसतो, ते नुसतं झाकण. ते काढा, आत ४ मिमी अॅलन की जाते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन मागे जातो. नवे पॅड बसल्यावर तीच की घड्याळाच्या दिशेने, पॅड डिस्कला घट्ट टेकेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा उलट. झाकण परत लावा. हे करताना हँडब्रेक सोडलेला हवा.

पुढे सी-क्लँप चालतो. स्लाइड पिन काढून पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. पिन अडकली तर आतला पॅड पाचरीसारखा झिजतो. कॅलिपरचा ब्रॅकेट काढलात तर त्याचे बोल्ट ४९ ते ६९ न्यूटन-मीटर, चाकाचे नट ८८ ते ११८. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

पॅड बसवायचा म्हणजे नुसता लावायचा नाही. मोकळ्या रस्त्यावर ६० मैलांवरून १० वर, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. गरम पॅड दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पॅडल थरथरतं. लोक त्याला 'डिस्क वाकली' म्हणतात, बहुतेकदा वाकलेली नसते. एकदा बसवलेल्या डिस्कवर वेगळ्या मिश्रणाचे पॅड तसेच चढवू नका.

---

डांबरट

तापमापकांशी सहमत, पण क्रम चुकला. उघड्या टपाच्या गाडीत पहिला खर्च रोल बारचा (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची कमान). तो नसेल तर बरेच आयोजक मिआटाला आतच सोडत नाहीत. कडक टप लावला म्हणजे झालं, हाही गैरसमज. त्या टपाला गाडीचं वजन पेलत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'नको'. चार पॉइंटच्या हार्नेसमध्ये जांघेतला पट्टा नसतो. समोरून धडकल्यावर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस त्याखालून सरकतो. शिवाय हार्नेसमुळे माणूस ताठ बांधला जातो. गाडी उलटली आणि वर बार नसेल तर वाकायलाही जागा नाही. रोल बार, जांघेच्या पट्ट्याला भोकं असलेली रेसिंग सीट, सहा पॉइंटचा हार्नेस आणि मानेचं रक्षण करणारं हान्ससारखं साधन, हे चारही एकत्र घ्यायचं. नाहीतर कंपनीचा तीन पॉइंटचा पट्टा आणि कंपनीची सीट, तेही चांगलंच आहे. अर्धवट मिसळ करायची नाही.

बोल्टने बसणारा बार घरी लावता येतो, वेल्डिंग लागत नाही. एक पूर्ण दिवस धरा. आधी सीट, मागचं कार्पेट आणि शक्यतो टप काढा. भोकं पाडताना लक्षात ठेवा: मिआटाची पेट्रोल टाकी सीटच्या मागे, त्या पत्र्याखालीच आहे. ड्रिलच्या पात्याला स्टॉपर लावा आणि प्रत्येक भोकापलीकडे काय आहे ते खालून बघून मगच पाडा. आधी ३ मिमी, मग मोठं. भोकाच्या कडांना प्रायमर, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. खालून पत्र्याच्या पट्ट्या येतात त्या वगळू नका, नुसत्या वॉशरवर बार पत्रा फाडून वर येतो. शंभर मैलांनंतर बोल्ट परत आवळा. डोक्याजवळ एसएफआय ४५.१ दर्जाचं कडक पॅडिंग लावा, मऊ पाइपचा फोम नको. रस्त्यावर हेल्मेट नसतं हे विसरू नका.

बसल्यावर काठीची चाचणी: बारच्या माथ्यापासून काचेच्या वरच्या चौकटीवर सरळ काठी ठेवा. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं त्या रेषेच्या दोन इंच खाली हवं. उंच माणसाचं डोकं वर जातंच. मग कंपनीच्या सीटचं कव्हर काढून बसण्याच्या जागेचा फोम कापतात, इंच-दीड इंच मिळतो. हेल्मेट स्नेल (हेल्मेटची चाचणी घेणारी संस्था) 'एसए' दर्जाचं घ्या. 'एम' हे मोटारसायकलचं, त्यात आगीची चाचणी नसते.

आणि विमा. ट्रॅकवरचं नुकसान तुमच्या पॉलिसीत वगळलेलं असण्याची शक्यता खूप आहे. वाचून बघा, एका दिवसाचा वेगळा विमाही मिळतो.

---

फ्रीमाँटवासी

सगळ्यांचे आभार. टर्बो आणि हार्नेस दोन्ही रद्द. पॅड आणि ऑइल घरी बदललं. एअर दोनदा काढली, बुडबुडे नाहीत, तरी पॅडल निम्म्यापर्यंत जातं. दोनदा पंप मारला की वर येतं. हँडब्रेकही आधी पाच टिकटिकीत लागायचा, आता अकरा.

---

रिंगपाना

उत्तर हँडब्रेकनेच दिलंय. मागचा अॅडजस्टर ढिला राहिलाय. पिस्टन पॅडपासून लांब आहे, पहिला दाब ते अंतर भरण्यात जातो, दुसऱ्या पंपाला ब्रेक लागतो. दोन्ही बाजूंना परत ४ मिमी की लावून घट्ट टेकवा, एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने फिरवून किंचित घासल्याचा आवाज यायला हवा, अडकायला नको. केबलच्या नटाला आत्ता हात लावू नका. केबल ताणून हँडब्रेक ठीक होईल, पण पॅडल तसंच राहील.

---

तापमापक

रोल बार पहिला, मान्य.

तेलं राहिली. इंजिनात फिल्टरसकट सुमारे ३.८ लिटर, डिपस्टिकच्या वरच्या खुणेला. कमी असेल तर लांब वळणात तेल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. गिअरबॉक्समध्ये २ लिटर ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा). डिफरन्शिअलमध्ये १ लिटर, तिथे जीएल-५. उलटं करू नका, जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंग खातात. आणि निचऱ्याचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट उघडून बघा. तो गंजून अडकलेला असेल तर तेल काढून गाडी तिथेच बसते.

---

वळणदार

टायर आणि अलाइनमेंटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

पहिल्या वर्षी २०० ट्रेडवेअरचे (झिजण्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ रबर) चिकट टायर घेऊ नका. साधे समर टायर सुटताना आधी ओरडतात, शिकायला तेच बरे. चिकट टायर पुढच्या हबच्या बेअरिंगवरही ताण वाढवतात. सकाळी थंड असताना २६ पीएसआय भरा, सेशन संपून आल्या आल्या मोजा आणि गरम असताना ३० ते ३२ वर आणा. संध्याकाळी घरी निघताना परत हवा भरायला विसरू नका.

अलाइनमेंट: कंपनीच्या उंचीवर पुढे साधारण दीड अंश निगेटिव्ह कँबर (चाकाचा माथा आत झुकणं) मिळतो, अडीचसाठी गाडी इंचभर खाली यावी लागते. मिळेल तेवढा पुढे घ्या, मागे त्याहून थोडा कमी. पुढे टो (वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) शून्य, मागे अगदी किंचित आत. हे दुकानातच करा, पण आधी घरी कँबरचे बोल्ट हलतात का ते बघा. २५ वर्षांत ते बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतात आणि मग कापूनच काढावे लागतात. आठवडाभर रोज भेदक तेल मारत राहा. पुढे कधी सस्पेन्शनचा आर्म काढलात तर बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळू नका. रबर बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, लोंबत्या स्थितीत आवळलं तर जमिनीवर आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. चाकांखाली फळ्या ठेवून, वजन घेऊन आवळा.

---

कोथरूडकर

वाचतोय. पुण्यात पोलो १.२ टीएसआय आहे. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकला न्यायची तर यातलं किती लागू?

---

रिंगपाना

ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड, तेवढंच. मागे ड्रम आहेत, ते साफ करून अॅडजस्ट करा. घट्ट छत असल्याने बारचा प्रश्न नाही. पुढच्या चाकांनीच ओढायचं, वळायचं आणि बहुतेक थांबायचं असल्याने पुढचे टायर बाहेरच्या कडेला झपाट्याने झिजतात, दर सेशननंतर बघा. गाडीत कायमचे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, नोंदणीतल्या मूळ रचनेपासून फारकत चालत नाही. पॅड-ऑइल त्यात येत नाही.

---

डांबरट

फ्रीमाँटवासी, निघायच्या आदल्या रात्री: डिकीतला जॅक, स्टेपनी, पायाखालच्या चटया बाहेर. मिआटाची बॅटरी डिकीत असते, तिचा पट्टा हलवून बघा, तपासणीत तिथे बरेच नापास होतात. सोबत टॉर्क रेंच, हवेचा गेज, ब्रेक ऑइलची न उघडलेली बाटली, एक लिटर इंजिन तेल आणि डिस्टिल्ड वॉटर घ्या. चाकांचे नट दर सेशनआधी थंड असताना तपासा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावा.