बाहेरच्या भिंतीला काय लावावं?

प्रश्न: पावसाचा थेट मारा बसतो त्या भिंतीच्या लाकडी फळ्या खालून कुजल्यात. खिडक्यांभोवतीच्या पट्ट्याही बदलायच्यात. काय लावू?

उत्तर १: डोळे झाकून फायबर सिमेंट बोर्ड (सिमेंट नि तंतू मिसळून केलेले तक्ते). वाळवी लागत नाही. कापलेली प्रत्येक कड मात्र रंगवून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. कापताना सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसांना घातक, मास्क हवाच.

उत्तर २: पट्ट्यांना पीव्हीसी चालेल. गडद रंग नको, उन्हात लांबतात नि सांधे बिघडतात.

उत्तर ३: अहो, साहित्यावर नंतर भांडा! फळ्यांमागे हवा खेळायला, ओल सुकायला २० मिमी पोकळी आहे का? खालची कड जमिनीपासून १५० मिमी वर? नसेल तर सागवानही कुजेल.

प्रश्नकर्ता: पोकळी बंद ठेवायची ना?

उत्तर ३: छे! खाली-वर उघडी, जाळी लावून. नाहीतर किडे आत संसार थाटतील.